व्यूहाच्या तोंडाशी

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ, ऐन समुद्राकाठी, काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या भेगेत शिरते, आत गेल्यावर जागा संपते, आणि मागून दुसरी लाट रेटतच असते. पाण्याला मग वर उसळण्यावाचून गत्यंतर नसतं. घळीच्या नावामागची कथा दोन वाक्यांची आहे: एक ब्राह्मण इथे आत पडला, तो परत आला नाही. कोण, कुठला, कधी, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. आत जायला वाट आहे, परतीला नाही, एवढं कळलं की गोष्ट पुरी झाली.

जगातल्या बऱ्याच वीरकथा याच एका अडचणीभोवती रचलेल्या आहेत. कुठे चक्रव्यूह, कुठे राजवाड्याखालचं तळघर, कुठे वेढा पडलेला गड. वीर आत शिरतो. पुढे काय होतं त्यावर त्या त्या समाजाने वीर कोणाला मानलं ते कळतं. मराठी मुलखाने या प्रश्नाची दिलेली उत्तरं एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. म्हणूनच ती एकत्र मांडून बघावीशी वाटतात.

आधी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. लखनौच्या बड्या इमामबाड्यात आहे तो भूलभुलैया: वाटा अनेक, वळणागणिक पेच, चुकलात की अडकलात. पण चक्रव्यूहाची जी प्राचीन आकृती जगभर सापडते तिच्यात वाट एकच असते. ती मध्याजवळ नेते, पुन्हा कडेला फेकते, पुन्हा आत ओढते, आणि चालत राहणारा माणूस शेवटी मध्यावर पोचतोच. तिथे चुकायला जागाच नाही. म्हणजे या आकृतीत अक्कल पणाला लागत नाही, धीर लागतो. क्रीट बेटावरच्या नोसोस शहराची जुनी नाणी पाहा. ज्या राजवाड्यातून म्हणे कोणी बाहेर येत नसे, त्याचं चित्र म्हणून नाण्यावर कोरलीय ती ही एकवाटेची, न चुकवणारी आकृती. कथा सांगते भूलभुलैयाची आणि चित्र आहे एकाच वाटेचं! हा विरोधाभास ग्रीकांना खटकला नाही. आपल्यालाही खटकलेला नाही. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर बाराव्या शतकातल्या शिल्पकाराने अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरला आहे, तोही अशाच वळत जाणाऱ्या रांगांचा. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी अल्-बिरूनीने आपल्या भारतावरच्या ग्रंथात रावणाच्या लंकेचा कोट म्हणून काढलेली आकृती याच जातीची आहे.

आता अभिमन्यूकडे यायला हवं, कारण मराठीत चक्रव्यूह म्हटलं की दुसरं नाव निघतच नाही. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने व्यूहभेदाची विद्या ऐकली, आई झोपी गेली, बाहेर पडण्याचा भाग राहिला. ही गोष्ट आपल्याला आजीकडून कळते आणि आपण ती व्यासांच्या नावावर जमा करतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली, तर द्रोणपर्वात अभिमन्यू साधी गोष्ट सांगतो: वडिलांनी मला आत शिरायला शिकवलं आहे, संकट आलं तर बाहेर पडणं मला जमणार नाही. गर्भ नाही, झोपलेली आई नाही. अर्धवट शिकवणी आहे, आणि ती अर्धवट असल्याचं मुलाला स्वतःला ठाऊक आहे.

हा फरक मोठा आहे. लोककथेत दोष आईच्या डुलकीकडे जातो. व्यासांकडे तो वडीलधाऱ्यांकडे जातो. युद्धाचा तेरावा दिवस, अर्जुनाला संशप्तकांनी दूर ओढून नेलेलं, आणि व्यूह फोडण्याची विद्या पांडवांच्या बाजूला चौघांनाच येते: कृष्ण, अर्जुन, प्रद्युम्न आणि हा सोळा वर्षांचा पोरगा. धर्मराज त्याला सांगतो, तू वाट पाड, आम्ही तुझ्या पाठोपाठ आत येतो. भीमही तेच म्हणतो. अभिमन्यू वाट पाडतो. आणि पाठोपाठ येणाऱ्यांना जयद्रथ तोंडाशीच अडवतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण शेवटचा तपशील सहसा कोणी सांगत नाही. धनुष्य तुटलं, घोडे पडले, सारथी मेले, रथाचं चाक हाती घेतलं तेही फोडलं गेलं. शेवटी अभिमन्यू आणि दुःशासनाचा मुलगा यांच्यात गदायुद्ध झालं. दोघेही एकमेकांच्या प्रहाराने खाली कोसळले. दुःशासनाचा मुलगा आधी उठला आणि उठू पाहणाऱ्या अभिमन्यूच्या डोक्यात त्याने गदा घातली. महारथींनी घेरून दमवलेल्या पोराला मारलं ते जवळपास त्याच्याच वयाच्या पोराने, आणि तेही उठायला एका क्षणाचा उशीर झाला म्हणून.

गर्भातली कथा मात्र आपल्याकडे भलतीच फळली. देशाच्या काही भागांत अडलेल्या बाळंतिणीला थाळीवर काढलेला चक्रव्यूह दाखवण्याची किंवा तो धुऊन पाणी पाजण्याची रीत होती. वाट सापडावी म्हणून. तिथे आकृतीचा अर्थ पुरता उलटतो: आत असलेल्याने बाहेर यायचं आहे आणि सगळं घर तोंडाशी उभं आहे. मला ही रीत अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही. अभिमन्यूला जे मिळालं नाही ते त्या बाईला देण्याची ती धडपड आहे. आजच्या गर्भसंस्काराच्या वर्गांत अभिमन्यूचा दाखला देतात तेव्हा मात्र हसावं की रडावं कळत नाही. ज्याचं शिक्षण अपुरं राहिल्यामुळे जीव गेला, त्या मुलाला यशस्वी विद्यार्थी म्हणून पुढे करायचं, हे धाडस जाहिरातीलाच शोभतं.

दगडातले पुरावे याहून जुने आहेत आणि अबोलही. गोव्यात सांगे तालुक्यात, रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे कातळावर प्राण्यांच्या चित्रांसोबत एकात एक फेऱ्यांची गोल आकृती कोरलेली आहे. १९९० च्या दशकात ती अभ्यासकांसमोर आली. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावर छोटे दगड मांडून केलेली, सुमारे पन्नास फूट व्यासाची, पंधरा फेऱ्यांची रचना २०२५ च्या अखेरीस गाजली. सातवाहनकाळात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या वाटेशी तिचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर तर कातळशिल्पांचा खजिना आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातच देवीहसोळच्या आर्यादुर्गेजवळची चौकोनी, गुंतागुंतीच्या रेषांची रचना आहे. तिला पाहून कोणालाही चक्रव्यूह आठवेल. पण आठवणं वेगळं आणि असणं वेगळं. ज्यांनी ती कोरली त्यांचं महाभारत आपल्याला ठाऊक नाही. त्यांना रण अभिप्रेत होतं, की शिकार, की पाऊस, हे रेषा सांगत नाहीत. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर दगड मांडून केलेली शेकडो वेटोळी आहेत. तिथली लोककथा सांगते की मासेमारीला निघण्याआधी कोळी त्यातून चालून जायचे, म्हणजे वाईट वारा फेऱ्यांत अडकून राहायचा आणि होडी सुटायची. इथे वीरही नाही आणि राक्षसही नाही, आहे तो वारा. कोकणातल्या खलाशाला हा अर्थ अभिमन्यूपेक्षा लवकर पटेल.

गडांनी मात्र ही आकृती सरळ वापरात आणली. देवगिरीची अंधारी म्हणजे महाराष्ट्रातला अस्सल भुलवणारा मार्ग: डोंगराच्या पोटातून जाणारा काळोखी, वळणावळणाचा बोगदा, चुकीच्या पावलाला खंदक. तरीही १२९६ मध्ये देवगिरीचा राजा शरण गेला तो शत्रूला वाट सापडली म्हणून नव्हे. कोठारातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. ती खरी असो नसो, वेढ्याचं शास्त्र तिने बरोबर पकडलं आहे. ज्या गडात शत्रू शिरू शकत नाही त्यातून आपणही बाहेर पडू शकत नाही. शिवकाळातला गोमुखी दरवाजा हे त्याच विचाराचं आटोपशीर रूप. दोन बुरुजांच्या कवेत प्रवेशद्वार असं लपवायचं की समोरून ते दिसू नये आणि वळसा घेऊन आलेला शत्रू तिन्ही बाजूंनी माऱ्यात सापडावा. सिंधुदुर्गाला आणि रायगडाला ते पाहायला मिळतं.

हेदवीहून दक्षिणेला तवसाळला गेलं की फेरीबोटीने शास्त्री नदीच्या मुखापलीकडे जयगड. या गडाची तटबंदी उभी राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने पायात स्वतःचा बळी दिला आणि गडाला त्याचं नाव पडलं, असं तिथे सांगतात. अशा दंतकथा देशभर आहेत. पण वीरकथांच्या रांगेत हिची जागा विचित्र आहे: हा वीर लढत नाही. तो आत जातो आणि भिंत होतो.

या सगळ्यांत मराठी माणसाचा सर्वांत लाडका वीर मात्र बाहेर पडणारा आहे. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले लोकांच्या तोंडी असलेले प्रसंग एकामागून एक आठवून पाहा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट: शामियान्यात एकट्याने शिरायचं, पण जावळीच्या रानात माणसं आधीच पेरलेली. जुलै १६६० ला पन्हाळ्याचा वेढा: पावसाच्या रात्री सिद्दी जौहरच्या फळीतून निसटायचं. एप्रिल १६६३ ला लाल महाल: लाखभराच्या छावणीत शिरून शायिस्ताखानाची बोटं कापायची आणि अंधारात नाहीसं व्हायचं. १७ ऑगस्ट १६६६ ला आग्रा: मोगलांच्या नजरकैदेतून निसटायचं. प्रत्येक ठिकाणी व्यूह आहे, आणि विचारपूर्वक आखलेली परतीची वाट आहे. अभिमन्यूला जी अर्धी विद्या मिळाली नव्हती ती इथे पहिल्यांदा शिकवली जाते.

पण या विद्येला किंमत असते आणि ती दुसरा कोणीतरी मोजतो. पन्हाळ्याच्या रात्री शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती सापडला. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. आग्र्याला हिरोजी फर्जंद हातात महाराजांचं कडं घालून, अंगावर पांघरूण ओढून पलंगावर पडून राहिला. क्रीटच्या त्या राजवाड्यातून थीसियस या ग्रीक वीराला बाहेर आणणारा धागा राजकन्या अरिआडनीने दिलेला होता. आपल्याकडे त्या धाग्याच्या जागी माणसं आहेत. व्यूहाच्या तोंडाशी भीम जे करू शकला नाही ते बाजीप्रभूंनी केलं: तोंड धरून ठेवलं. महाभारताच्या जवळ उभा राहील असा हा मराठी इतिहासातला प्रसंग आहे आणि त्यात नायक आत शिरणारा नसून अडवणारा आहे. जयद्रथाचं काम पण उलट्या बाजूने, असं म्हटलं तर कोणी रागावू नये.

पानिपताने पुन्हा सगळं अभिमन्यूच्या बाजूला झुकवलं. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाबद्दल इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर यांनी ज्या ‘गोलाच्या लढाई’वर भर दिला, तो मुळात बाहेर पडण्याचा व्यूह होता. बुणगे आणि बायकामुलं मधे घेऊन, चहूबाजूंनी फौज लावून, उपाशी छावणीने वाट काढायची. गोल टिकला असता तर आपण त्याची वेगळी कथा सांगितली असती. तो फुटला. पेशव्यांचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला आणि सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत घुसले ते परत दिसले नाहीत. त्यानंतरच्या बखरींनी आणि पोवाड्यांनी या रणाला महाभारताच्या भाषेत आणलं यात नवल नाही. सोळा वर्षांच्या वीराची जागा त्या भाषेत आधीच तयार होती.

नवल आहे ते पुढे. लोकांना भाऊंचं मरण मान्यच झालं नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. आणि काही वर्षांनी एक माणूस आला, मीच भाऊ म्हणणारा. चौकशीत तो सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा ब्राह्मण ठरला आणि कैदेत गेला. किल्ल्याकिल्ल्यांतून फिरत त्याची कैद शेवटी रत्नागिरीला आली. १७७६ मध्ये तो तिथून सुटला, नव्हे, रत्नागिरीच्या कारभाऱ्यानेच त्याला भाऊ मानून बाहेर काढला. मग कोकणात बंड पेटलं, किल्ले त्याच्या नावाने भराभर उघडले, हजारो माणसं त्याच्यामागे लागली. पुणे दरबाराला फौजा पाठवाव्या लागल्या. शेवटी आंग्ऱ्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा प्रसंग पुढच्या पिढ्यांना माहीत करून दिला.

तोतयाकडे आपण लबाड म्हणून पाहतो, आणि तो होताच. पण त्याच्यामागे गेलेली कोकणातली माणसं सगळी भाबडी होती असं म्हणवत नाही. व्यूहात शिरलेला वीर बाहेर येऊ शकतो ही गोष्ट आग्र्याने त्यांच्या रक्तात भिनवली होती. शंभर वर्षांपूर्वी एक राजा मेला-हरवला म्हणता म्हणता परत आला होता. मग भाऊ का येऊ नये? अभिमन्यूच्या कथेत न मावणारी आशा त्या वर्षी रत्नागिरीत रस्त्यावर उतरली होती. वीरकथा माणसांकडून काय करवून घेते याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

वीर झाला, व्यूह झाला. आत दबा धरून बसलेल्याचं काय? क्रीटच्या कथेत तो मिनोटॉर, अर्धा बैल अर्धा माणूस. थीसियस त्याला मारतो आणि विषय संपतो. गुहागर तालुक्यात शिमग्याच्या खेळ्यांत येणारा संकासूर पाहिला की आपला स्वभाव कळतो. काळा झगा, उंच निमुळती टोपी, तोंड झाकलेलं, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पुराणात हा वेद चोरणारा शंखासूर, मत्स्यावताराने मारलेला. पण अंगणात आला की पोरं किंचाळत पळतात आणि मोठी माणसं त्याच्यासमोर नवस बोलतात. असुराला ठार करून विसरण्याऐवजी कोकणाने त्याला वर्षातून एकदा दारात बोलावलं, नाचवलं, त्याच्याकडे गाऱ्हाणं घातलं. व्यूहाच्या मध्याशी बसलेल्या भयाशी असा व्यवहार करणारी परंपरा मला थीसियसच्या तलवारीपेक्षा शहाणी वाटते.

वीरगळांचंही असंच वेगळं गणित आहे. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात उभे असलेले हे दगड खालून वर वाचायचे. तळाला लढाई आणि पडलेला वीर, वर अप्सरा त्याला नेत आहेत, त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, माथ्यावर सूर्य-चंद्र. बोरिवलीच्या एकसरला शिलाहारकालीन वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. वेढलेल्या वीराला चारी दिशा बंद झाल्या, तेव्हा शिल्पकाराने त्याला पाचवी दिशा दिली. नाशिकला धुळवडीला घराण्यांचे वीर वाजतगाजत निघतात, तेव्हा त्या दगडांतली माणसं काही तासांसाठी खाली येतात, असंही म्हणता येईल.

हेदवीच्या दशभुज लक्ष्मीगणेशाला पेशवाईतल्या सेनापतींचा देव म्हणून ओळखतात. दहा हातांचा गणपती सेनापतीनेच पुजायचा, असा संकेत सांगितला जातो. पांढऱ्या संगमरवराची ही मूर्ती जवळून पाहावी. चक्र, त्रिशूळ, गदा, पाश, धनुष्य: पाच हात युद्धाचे. उरलेल्या पाचांत महाळुंग, कमळ, नीलकमळ, भाताची लोंबी आणि स्वतःचा मोडलेला दात. महागणपतीच्या ध्यानात ते धनुष्यही उसाचं सांगितलं आहे. सोंडेत कुंभ, डाव्या मांडीवर लक्ष्मी. लढायला निघालेल्याने ज्याच्यापुढे डोकं टेकवायचं त्या देवाच्या निम्म्या हातांत परत आल्यावरचं जगणं धरलेलं आहे: शेत, फळ, फूल, घर. वीराने परत यावं, ही अपेक्षा या मूर्तीत मला स्पष्ट दिसते.

आधुनिक काळात ही अपेक्षा मावळली. गोविंद निहलानींचा ‘अर्ध सत्य’ १९८३ चा. चित्रपट हिंदी, पण कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि चक्रव्यूहावरची कविता दिलीप चित्र्यांची, म्हणजे सगळा माल मराठी. फौजदार अनंत वेलणकर मुंबईच्या व्यूहात शिरतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ कोणी येणार नसतंच. तसं वचनसुद्धा कोणी दिलेलं नसतं. चित्रपटातली कविता त्याला आत शिरण्यापूर्वीचा माणूस आणि शिरल्यानंतरचा माणूस यांच्यातल्या फटीत उभं करते. अभिमन्यूचं एकटेपण इतकं उघडं मराठी लेखकांनी क्वचितच केलं असेल. त्यानंतर वर्तमानपत्रांनी कर्जाचा, बदल्यांचा, प्रवेश परीक्षांचा असा कशाचाही चक्रव्यूह केला, आणि निवडणूक हरलेला प्रत्येक पुढारी अभिमन्यू झाला. स्वतःच रचलेल्या व्यूहात सापडलेल्याला हे नाव लावणं त्या सोळा वर्षांच्या मुलावर अन्याय आहे.

माझ्या मते आपल्या परंपरेतला मोलाचा भाग आत शिरणाऱ्याच्या शौर्यात नाही, तोंड धरून उभं राहणाऱ्यांत आहे, आणि नेमक्या त्यांच्याच वाट्याला कथा कमी आल्या आहेत. बाजीप्रभूंचा पुतळा पन्हाळ्यावर दिमाखात उभा आहे, सहली तिथे थांबतात, फोटो निघतात. शिवा काशीद यांची समाधी त्याच गडाच्या पायथ्याशी नेबापूरला आहे. पन्हाळ्याला जाल तेव्हा उतरताना तिथेही थांबा, आणि मुलं बरोबर असतील तर पालखीत कोण बसलं होतं ते त्यांना सांगा.